राउटरचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बदलायचंय? ओढण्याआधी काय करायचं ते बघा

राउटर चालू आहे, सगळ्यांचं नेट व्यवस्थित आहे, कुणाची तक्रार नाही, आणि आतलं कार्ड मात्र मेलेलं आहे. असं होऊ शकतं. महिनोन्‌महिने ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारण सरळ आहे. सिस्कोचे २००४ पासून आलेले १८४१, २८०० आणि ३८०० मालिकेतले राउटर, आणि २००९ नंतरचे १९००, २९००, ३९००, यांची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आयओएस राहते कार्डावर, पण चालते रॅममधून. राउटर सुरू होताना कार्डावरची कॉम्प्रेस केलेली फाइल वाचली जाते आणि उलगडून रॅममध्ये बसवली जाते. फाइलच्या नावात मधोमध ‘एमझेड’ ही अक्षरं दिसतात ती त्याचीच खूण: एम म्हणजे रॅममधून चालणारी, झेड म्हणजे झिप केलेली. एकदा ती रॅममध्ये बसली की पॅकेट इकडची तिकडे करायला राउटरला कार्ड लागत नाही. ते पुन्हा लागतं थेट पुढच्या बूटला. त्यामुळे कार्ड गेल्याची बातमी बहुतेक वेळा वीज जाऊन आल्यावर मिळते, आणि तेव्हा तिचा काही उपयोग नसतो.

म्हणून या कामात कार्ड काढून दुसरं घालणं हा भाग सगळ्यात छोटा. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे ‘फ्लॅश’ (म्हणजे हेच कार्ड) असं लिहिलंय तिथे शब्दानंतर कोलन द्यायची सवय ठेवा.

कार्डावर काय असतं आणि काय नसतं

नव्या माणसाची पहिली भीती ही, की कार्ड काढलं तर सगळं कॉन्फिगरेशन उडेल. तसं होत नाही. स्टार्टअप कॉन्फिगरेशन कार्डावर नसतंच, ते एनव्हीरॅम नावाच्या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या वेगळ्या मेमरीत असतं. २८११ वर ‘शो व्हर्जन’ मारा आणि आउटपुटच्या शेवटाकडे या. तिथे दोन ओळी लागोपाठ दिसतील. एक सांगते २३९के बाइट्स नॉन-व्होलाटाइल कॉन्फिगरेशन मेमरी. दुसरी सांगते ६२७२०के बाइट्स एटीए कॉम्पॅक्टफ्लॅश. पहिली तुमच्या कॉन्फिगरेशनची जागा, दुसरी ६४ एमबीचं कार्ड. दोन्ही वेगळ्या चिपा, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

मग कार्डावर काय असतं? मुख्य म्हणजे आयओएसची डॉट बिन फाइल. तिच्या जोडीला एसडीएम नावाच्या जुन्या वेब टूलच्या फाइली, म्हणजे होम डॉट टार, होम डॉट एसएचटीएमएल वगैरे. त्या आता कुणी वापरत नाही, नव्या कार्डावर नाही नेल्या तरी चालतं. राउटर क्रॅश झाला असेल तर क्रॅशइन्फो नावाच्या फाइली. राउटरवर आयपी फोनची व्यवस्था असेल तर फोनचं फर्मवेअर आणि रिंगटोन. एसएसएल व्हीपीएन असेल तर क्लायंटचं पॅकेज. कुणी कॉन्फिगरेशनच्या प्रती फ्लॅशवर ठेवत असेल तर त्याही.

आणि एक फाइल अशी, जी सगळे विसरतात: व्हीलॅन डॉट डॅट. राउटरमध्ये इथरनेट स्विचचं मॉड्यूल बसवलेलं असेल तर व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कांची) यादी कॉन्फिगरेशनमध्ये नसून या फाइलमध्ये असू शकते, आणि ही फाइल कार्डावर असते. कॉन्फिगरेशनचा बॅकअप अगदी नीट घेतला, कार्ड बदललं, राउटर वर आला, पोर्टही वर आले, पण व्हीलॅनच नाहीत. कॉन्फिगरेशन ओळीनओळ बरोबर, तरी ट्रॅफिक जात नाही. माणूस तासभर केबली हलवत बसतो. तेव्हा ‘डिर फ्लॅश’ मध्ये ही फाइल दिसली तर ती आयओएसइतकीच महत्त्वाची समजा.

१९००, २९००, ३९०० वाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, लायसन्स. या राउटरांचं लायसन्स राउटरच्या सीरियल नंबरला बांधलेलं असतं, कार्डाला नाही. तरीही हात लावण्याआधी ‘लायसन्स सेव्ह’ कमांडने त्याची एक फाइल बनवा आणि राउटरच्या बाहेर ठेवा.

कार्ड खरंच गेलंय का?

‘डिर फ्लॅश’ मारल्यावर यादी यायला फार वेळ लागत असेल, मधेच एरर येत असेल, फाइलचा आकार शून्य दिसत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. माझ्या मते सगळ्यात भरवशाची परीक्षा वेगळी आहे. ‘व्हेरिफाय स्लॅश एमडी५ फ्लॅश’ आणि पुढे फाइलचं नाव, अशी कमांड द्या. राउटर पूर्ण फाइल वाचतो, म्हणून थोडा वेळ लागतो, आणि शेवटी ३२ अक्षरांची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलची ओळखखूण) देतो. ती कंपनीच्या साइटवर त्या फाइलसमोर दिलेल्या बेरजेशी जुळायला हवी. आता तीच कमांड पुन्हा मारा. दोन वेळा दोन वेगळी उत्तरं आली, तर कार्ड वाचतानाच चुकतंय. अशा कार्डाला निरोप द्या. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं पण कंपनीच्या बेरजेशी जुळलं नाही, तर दोष बहुधा फाइलचा. ती कॉपी होतानाच बिघडली असावी. अशा वेळी नवं कार्ड आणण्याआधी नवी फाइल टाकून बघा.

‘एफएससीके फ्लॅश’ नावाची दुरुस्तीची कमांडही आहे. ती फाइलींचा हिशोब नीट लावते, चिप दुरुस्त करत नाही. आणि कार्डावरचं सगळं बाहेर काढल्याशिवाय ती चालवू नका, कारण अर्धवट दिसणारी फाइल ती कापूनही टाकू शकते.

कार्ड भरलंय आणि कार्ड मेलंय यांत गल्लत करू नका. जागा संपली म्हणून नवी फाइल जात नसेल तर जुन्या क्रॅशइन्फो आणि एसडीएमच्या फाइली काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आता मोठा इशारा. कार्ड गेलंय असं दिसलं आणि राउटर चालू असेल, तर तो रीलोड करू नका. ‘एकदा बंद-चालू करून बघू’ हा आपला सगळ्यांचा लाडका उपाय इथे घात करतो. रॅममध्ये चालणारी आयओएस हीच त्या क्षणी तुमच्याकडची एकमेव धड प्रत असू शकते, आणि तिथून तिला परत डॉट बिन फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही. आधी फाइल कुठून तरी हातात येऊ द्या, मग पुढचं.

कोणतं कार्ड घ्यायचं

कॉम्पॅक्टफ्लॅश हा १९९४ साली सॅनडिस्कने आणलेला प्रकार. एसडी कार्डाहून मोठं, चौकोनी, एका कडेला ५० बारीक छिद्रं. जाडीवरून त्याचे दोन प्रकार: टाइप १ म्हणजे ३.३ मिलीमीटर, टाइप २ म्हणजे ५ मिलीमीटर. घेताना टाइप १ घ्या. एसडी कार्ड आत घालून कॉम्पॅक्टफ्लॅश बनवणारे अडॅप्टर मिळतात. राउटरसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

किती एमबीचं हे मॉडेलवर आहे. २८११ सोबत मुळात ६४ एमबीचं येतं आणि कंपनीच्या कागदांनुसार २५६ पर्यंत चालतं. २९०० मालिकेत सुरुवातच २५६ पासून. तिथल्या आयओएसच्या फाइलीच शंभर एमबीच्या आसपास जातात, त्यामुळे जुन्या राउटरचं पडून असलेलं ६४ चं कार्ड तिथे उपयोगाचं नाही. ठरवून दिलेल्या आकाराहून मोठी कार्डंही बऱ्याचदा चालतात. पण ‘बऱ्याचदा’ वर रात्रीचं काम ठरवू नये, आधी तपासून घ्यावं. कंपनी जबाबदारी घेते ती स्वतःच्या कार्डांची. बाहेरचं घ्यायचं ठरलं तर कॅमेऱ्यासाठीचं सगळ्यात वेगवान कार्ड शोधत बसू नका, त्या वेगाचा राउटरला काही फायदा नाही. औद्योगिक वापरासाठीचं साधं कार्ड बरं. आणि एकाऐवजी दोन घ्या.

हात लावण्याआधी

लॅपटॉप थेट राउटरच्या कन्सोल पोर्टाला जोडणारी कन्सोल केबल लावा. नेटवर्कवरून, म्हणजे एसएसएचवरून, हे काम करता येतं, पण राउटर परत वर आला नाही तर एसएसएच काही दाखवणार नाही, कन्सोल दाखवेल. पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सीरियल निवडून वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. एंटर दाबून प्रॉम्प्ट येतोय ना ते बघा. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर वेग चुकलाय. पुट्टीचं लॉगिंगही चालू करून ठेवा; नंतर ‘आधी काय होतं’ हा प्रश्न पडतो तेव्हा हीच फाइल कामाला येते.

मग ‘शो व्हर्जन’, ‘डिर फ्लॅश’, ‘शो बूटव्हार’, ‘शो रनिंग-कॉन्फिग’ आणि स्विच मॉड्यूल असेल तर ‘शो व्हीलॅन-स्विच’ एकामागून एक मारा. सगळं लॉगमध्ये जाईल. ‘शो व्हर्जन’ मधल्या दोन ओळी नीट वाचा. एक, सिस्टिम इमेज फाइल कोणती आहे ती. राउटर सध्या ज्या फाइलवरून उठलाय तिचं नेमकं नाव तिथे असतं. दोन, अगदी शेवटची कॉन्फिगरेशन रजिस्टरची ओळ. तिथे ०एक्स२१०२ असायला हवं. ०एक्स२१४२ असेल तर राउटर पुढच्या वेळी स्टार्टअप कॉन्फिगरेशनकडे बघणारच नाही. कुणीतरी कधीतरी पासवर्ड रिकव्हरी करून ते तसंच सोडलेलं असतं. कार्ड बदलल्यावर राउटर कोरा उठला, तर दोष कार्डावर येतो आणि खरा गुन्हेगार हा आकडा असतो.

आता कार्डावरच्या फाइली बाहेर काढा. लॅपटॉपवर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हर चालवून ‘कॉपी फ्लॅश टीएफटीपी’ ही रूढ पद्धत. इथे दोन ठिकाणी नवे लोक अडकतात. पहिलं, लॅपटॉपची फायरवॉल. टीएफटीपी यूडीपीच्या ६९ पोर्टवर सुरू होतो आणि फायरवॉल तो गपचूप अडवते. पिंग जातंय, पण कॉपी करताना उद्गारचिन्हांऐवजी नुसते टिंब पडताहेत, तर आधी फायरवॉल बघा. दुसरं, फाइलचा आकार. मूळ टीएफटीपीमध्ये फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत जाते आणि तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच. गुणाकार केला की ३२ एमबीच्या आसपास गाडी थांबते. जुना सर्व्हर असेल तर तुमची ४५ एमबीची फाइल ३२ वर येऊन अडकेल आणि तुम्ही केबल बदलत बसाल. मोठ्या फाइली पेलणारा टीएफटीपी सर्व्हर वापरा, नाहीतर सरळ एफटीपी किंवा एससीपी.

हे सगळं टाळायचं असेल तर कॉम्पॅक्टफ्लॅश घेणारा यूएसबी कार्ड रीडर आणा. कार्ड एफएटी पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, त्यामुळे ते लॅपटॉपमध्ये पेन ड्राइव्हसारखं उघडतं. सगळ्या फाइली उचला, बाजूला ठेवा. या राउटरांचा कंपनीचा सपोर्ट आता संपलेला आहे, आणि आयओएस कंपनीच्या साइटवरून उतरवायला सर्व्हिस काँट्रॅक्ट लागतो. तुमच्या कार्डावर आहे ती फाइल पुन्हा सहज मिळेल असं धरून चालू नका.

शेवटी ‘कॉपी रन स्टार्ट’, आणि रनिंग कॉन्फिगरेशनची एक प्रत लॅपटॉपवर.

कार्ड काढणं आणि घालणं

कार्डाच्या स्लॉटजवळ सीएफ लिहिलेला छोटा हिरवा दिवा असतो. तो पेटलेला किंवा लुकलुकत असेल तर कार्डावर वाचन-लेखन चालू आहे. तेव्हा कार्ड काढलं तर फाइली बिघडू शकतात. दिवा विझेपर्यंत थांबा. दुसरं कुणी त्याच वेळी राउटरवर लॉगिन करून काही कॉपी तर करत नाही ना, हे ‘शो युजर्स’ने बघून घ्या.

राउटर चालू ठेवून कार्ड काढलं तर चालतं का? चालतं, आणि माझा सल्ला तोच आहे. आयओएस रॅममध्ये असल्याने रूटिंग चालू राहतं. नवं कार्ड त्याच चालू राउटरमध्ये फॉरमॅट करता येतं, फाइल भरता येते, तपासता येते, आणि रीलोड तेवढा ठरलेल्या वेळी. राउटर आधी बंद करून कार्ड बदलणाऱ्याला कोरं कार्ड घेऊन रोममॉनच्या, म्हणजे आयओएसच्या आधी चालणाऱ्या छोट्या बूट प्रोग्रॅमच्या, प्रॉम्प्टसमोर बसावं लागतं. अपवाद एकच: फोनचं फर्मवेअर किंवा व्हीपीएनचं पॅकेज राउटर कार्डावरूनच देत असेल तर तेवढ्या वेळेपुरत्या त्या सेवा बंद पडतील, हे संबंधितांना आधी सांगा.

अँटी-स्टॅटिक पट्टा मनगटाला लावा आणि त्याचं दुसरं टोक राउटरच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला. स्लॉटशेजारी इजेक्टचं बटण असतं. ते आत बसलेलं असेल तर एकदा दाबल्यावर ते फक्त बाहेर येतं, कार्ड तसंच राहतं. दुसऱ्यांदा दाबलं की कार्ड सुटतं. पहिल्या दाबाने कार्ड आलं नाही म्हणून पक्कड घेऊन ओढायला जाऊ नका.

नवं कार्ड घालताना घाई अजिबात नको. पिना राउटरच्या आत असतात, छिद्रं कार्डाला. कार्डाच्या दोन बाजूंच्या खाचा वेगवेगळ्या रुंदीच्या केलेल्या असतात, त्यामुळे उलटं कार्ड पूर्ण आत जात नाही. नेमकं इथेच लोक जोर लावतात. कार्ड सरळ धरा, हलक्या हाताने सरकवा. शेवटच्या काही मिलीमीटरला थोडा विरोध जाणवेल, तो पिनांचा. तिथे अंगठ्याने सम दाब द्या. त्याच्या आधीच अडत असेल तर बाहेर काढा आणि बाजू बदला. कार्ड वाया गेलं तर दुसरं मिळतं, आतली पिन वाकली तर अख्खा राउटर उघडावा लागतो.

१९००, २९००, ३९०० वाल्यांना ही कसरत कमी आहे. त्यांतल्या बहुतेकांना दोन स्लॉट असतात, फ्लॅश० आणि फ्लॅश१. जुनं कार्ड वाचता येत असेल तर ते ० मध्येच राहू द्या, नवं १ मध्ये घाला, फॉरमॅट करा, आणि ‘कॉपी फ्लॅश० फ्लॅश१’ करून फाइली सरळ हलवा. टीएफटीपीची भानगडच नाही. सगळं तपासून झालं की जुनं काढा आणि नवं ० मध्ये बसवा. नुसतं ‘फ्लॅश’ लिहिलं तर हे राउटर ० समजतात, तेव्हा फॉरमॅट करताना आकडा लिहायला विसरू नका. चुकीचं कार्ड पुसायला एवढंच पुरतं.

फॉरमॅट, कॉपी, पडताळणी

‘फॉरमॅट फ्लॅश’ म्हटलं की राउटर दोनदा विचारतो, दोन्हीकडे एंटर. फॉरमॅट राउटरमध्येच करणं उत्तम. लॅपटॉपमध्ये केलं तर विंडोज मोठ्या कार्डाला आपण होऊन एफएटी३२ किंवा एक्सएफएटी सुचवतं. एक्सएफएटी आयओएसला कळत नाही, आणि एफएटी३२ आयओएसला कळलं तरी बूटच्या वेळी काम करणाऱ्या जुन्या रोममॉनला कळेलच असं नाही. मग सुरू असलेल्या राउटरवर ‘डिर’ छान दिसतं आणि रीलोडनंतर राउटर फाइल सापडत नाही म्हणतो. लॅपटॉपमध्येच करायचं असेल तर साधं एफएटी निवडा, म्हणजे एफएटी१६. त्याची मर्यादा २ जीबी.

आता ‘कॉपी टीएफटीपी फ्लॅश’. सर्व्हरचा आयपी, फाइलचं नाव, तिकडे कोणत्या नावाने ठेवायची ते, असं राउटर एकेक विचारतो. नाव टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा. जुन्या आयओएसवर पुढे एक प्रश्न येतो: कॉपी करण्याआधी फ्लॅश पुसू का? नुसतं एंटर म्हणजे होकार. कोऱ्या कार्डावर त्याने काही बिघडत नाही, पण दुसरी फाइल टाकताना पहिली त्यात जाते. म्हणून तिथे नेहमी एन दाबायची सवय लावा. कॉपी सुरू झाली की उद्गारचिन्हांची रांग लागते. एक चिन्ह म्हणजे दहा पॅकेट पोचली.

कॉपी झाल्यावर पुन्हा ‘व्हेरिफाय स्लॅश एमडी५’. हे टाळू नका. आकार जुळला म्हणजे फाइल जुळली असं नसतं. त्यानंतर व्हीलॅन डॉट डॅट आणि बाकी लागणाऱ्या फाइली.

बूटची ओळ आणि रीलोड

कॉन्फिगरेशनमध्ये ‘बूट सिस्टम’ ची ओळ असेल तर तिच्यातलं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षराला अक्षर जुळायला हवं. ओळच नसेल तर राउटर कार्डावरची पहिली चालण्याजोगी फाइल उचलतो. कार्डावर एकच आयओएस असेल तर हेही पुरतं, तरी मी ओळ लिहिण्याच्या बाजूने आहे. जुन्या ओळी ‘नो बूट सिस्टम’ ने काढा, नवी लिहा, ‘कॉपी रन स्टार्ट’ करा, आणि ‘शो बूटव्हार’ मध्ये डोळ्यांनी खात्री करा.

ठरलेल्या वेळी ‘रीलोड’. कन्सोलवर आधी रोममॉनची आवृत्ती येईल, मग इमेज उलगडत असल्याचा संदेश आणि त्यापुढे हॅशच्या चिन्हांची लांबच लांब रांग. रांगेच्या शेवटी ओके आलं की कार्डाची जबाबदारी संपली. तिथून पुढे काही अडलं तर कारण दुसरीकडे शोधा.

वर आल्यावर ‘शो व्हर्जन’ मध्ये फाइलचं नाव आणि कार्डाचा आकार बघा, इंटरफेस, रूट आणि व्हीलॅन आधीच्या लॉगशी ताडून बघा, १९००, २९०० किंवा ३९०० राउटर असेल तर ‘शो लायसन्स’.

रोममॉनवर येऊन थांबला तर

‘रोममॉन १’ असा प्रॉम्प्ट दिसला म्हणजे राउटरला चालवण्याजोगी फाइल मिळाली नाही. घाबरायचं कारण नाही, कॉन्फिगरेशन सुरक्षित आहे. आधी ‘डिर फ्लॅश’. फाइल दिसतेय? मग ‘बूट फ्लॅश’ आणि पुढे नाव. उठला तर चूक बूटच्या ओळीत होती. यादीच येत नाही? कार्ड नीट बसलेलं नाही किंवा फॉरमॅट रोममॉनला कळत नाही. राउटर बंद करून कार्ड काढा, रीडरमध्ये घालून एफएटी१६ ने फॉरमॅट करा, फाइल टाका, परत घाला. बहुतेकांचं काम इथे होतं.

रीडर नसेल तर ‘टीएफटीपीडीएनएलडी’. आधी आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे, टीएफटीपी सर्व्हर आणि फाइल ही पाच मूल्यं द्यायची; त्यांची नावं मोठ्या लिपीतल्या अक्षरांतच, शब्दांमध्ये अंडरस्कोर. केबल राउटरच्या पहिल्या मूळ इथरनेट पोर्टात. नुसती कमांड दिली तर कार्डावरचं सगळं पुसून नवी फाइल लिहिली जाते, तसा इशाराही येतो. मागे वजा आर लावलं तर कार्डाला हात न लावता फाइल थेट रॅममध्ये येऊन राउटर उठतो. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे: राउटर उठवा, नेट चालू करा, मग कार्डाचं काय ते सावकाश बघा.

एक्समोडेमने कन्सोल केबलवरूनच फाइल चढवायचीही सोय आहे. हिशोब करून बघा: ९६०० च्या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० बाइट, म्हणजे ३२ एमबीला साडेनऊ तासांहून जास्त. वेग १,१५,२०० वर नेला तरी पाऊण तास आरामात. बाकी सगळे रस्ते बंद झाल्यावरच त्याच्याकडे वळा.

जुन्या कार्डाचं काय करायचं

नव्या कार्डावर तारीख आणि आयओएसची आवृत्ती लिहिलेली छोटी चिकटपट्टी लावा, पण कडांवर नको, नाहीतर ती स्लॉटमध्ये अडकते. घेतलेलं दुसरं कार्डही त्याच वेळी त्याच फाइलींनी भरून राउटरच्या रॅकमध्येच ठेवा.

जुनं कार्ड तसंच कचऱ्यात टाकू नका. त्यावर कॉन्फिगरेशनची एखादी प्रत पडलेली असू शकते, आणि टाइप ७ चे (सिस्कोच्या जुन्या, कच्च्या पद्धतीने लपवलेले) पासवर्ड कुणीही काही क्षणांत उलगडतो. वाचता येत असेल तर रीडरमध्ये घालून त्याच्यावर पूर्ण जागा भरेल इतकं काहीतरी लिहा आणि मग फॉरमॅट करा. वाचताच येत नसेल तर तोडून टाका. आणि मेलेलं कार्ड चांगल्या कार्डांच्या डब्यात ठेवू नका, दिसायला दोन्ही सारखीच असतात.